जर, तार आणि तकली

आठवीच्या मराठीच्या तासाला 'जरतारी' हा शब्द आला. उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवताना मी एक सोपा रस्ता धरते. शब्दात फारसी दडलेली असेल तर ती आधी बाहेर काढायची, मग मुलांना शब्द परका वाटत नाही. 'जर' म्हणजे सोनं, असं फळ्यावर लिहिणार तोच मागच्या बाकावरून आवाज आला, "टीचर, ये तो हम रोज़ लगाते हैं." आणि कुणी न विचारता त्यानं यादीच म्हणून दाखवली : सलमा, सितारा, दबका, नक्शी, कोरा, कटोरी. कोरा चमकत नाही, नक्शी चमकते. दोन्ही तारेच्या बारीक स्प्रिंगाच, तुकडे करून मण्यासारख्या सुईत ओवायच्या. हे त्यानं मला समजावलं. वर्गात त्या दिवशी शिकणारी मीच होते.

मुलगा 13 वर्षांचा. राहतो घाटकोपरच्या असल्फ्याच्या डोंगरावर. शाळा सुटली की साकीनाक्याला चाचांच्या कारखान्यात अड्ड्यावर बसतो, इशाच्या अजानपर्यंत. मराठीत त्याला जेमतेम पास होण्यापुरते गुण मिळतात.

मला आनंद झाला आणि लगेच भीतीही वाटली. गेले काही दिवस या दोन्हींचा हिशेब लावते आहे, म्हणून हा लेख.

आधी शब्दांचं पाहू, कारण तो माझा धंदा आहे. जरदोजी म्हणजे सोन्याची शिवण. ज्या लाकडी चौकटीवर कापड ताणून बांधतात तिला आपल्याकडे अड्डा म्हणतात, जुनं नाव कारचोब. त्यातला 'चोब' म्हणजे लाकूड, दांडा. हाच चोब हातात धरणारा तो चोबदार, म्हणजे आपला मराठी चोपदार, जो आषाढीच्या वारीत पालखीपुढे दंड घेऊन चालतो. कशिदा, रफू, अस्तर, किनखाप, मखमल, रेशीम हे सगळे शब्द फारसीतून आलेले. मराठी घरातली कापडाची पेटी उघडली की निम्मे शब्द आमच्या उर्दूच्या वर्गातले निघतात. 'किरमिजी' रंगात तर अरबीतला किरमिज हा किडाच बसला आहे, ज्याच्यापासून तो लाल रंग काढायचे. उलटा प्रवासही झाला. आपली नीळ अरबांनी नेली, पोर्तुगीजांनी तिला 'अनिल' केलं, आणि त्यावरूनच रसायनवाल्यांनी 'अ‍ॅनिलीन' हे नाव घेतलं. 1856 साली इंग्लंडमध्ये विल्यम पर्किन या तरुणाला अ‍ॅनिलीनपासून जांभळा रंग सापडला आणि रंगरेजाच्या हंड्याला प्रतिस्पर्धी मिळाला. 1897 मध्ये कारखान्यात बनवलेली नीळ बाजारात आली, तेव्हा तर शेतातल्या निळीचा बाजारच उठला.

शब्द आपण जपले. ते वापरणाऱ्या माणसांचं काय केलं?

जुन्या काळी कारागिरांचे 'कस्बनामे' असत. उस्ताद आणि शागिर्द यांची सवाल-जवाबाच्या रूपातली छोटी पुस्तकं. हे काम पहिल्यांदा कुणी केलं, हत्यार हातात घेताना कोणती दुआ म्हणायची, असे प्रश्न. शिंप्याचा धागा हजरत इद्रीसपर्यंत, लोहाराचा हजरत दाऊदपर्यंत, विणकराचा थेट बाबा आदमपर्यंत जाऊन पोचायचा. इतिहास म्हणून हे तपासायला जाऊ नये. पण शिक्षिका म्हणून मला त्यात अभ्यासक्रम दिसतो : उद्दिष्ट आहे, क्रम आहे, तोंडी परीक्षा आहे. हाताचं काम हे इल्मच आहे, असं मानणारा समाज असली पुस्तकं लिहितो.

त्याच समाजात 'जुलाहा' ही शिवी झाली. 1857 नंतर आझमगड, मऊ, बनारस या भागांतून विणकर कुटुंबं पायी दक्षिणेकडे निघाली आणि मालेगाव, भिवंडी, मुंबईच्या मदनपुऱ्यात येऊन वसली. त्यांनी स्वतःला मोमीन म्हणवलं, अन्सारी म्हणवलं, ते या शिवीपासून सुटका हवी म्हणूनच. जातपात नाही असं मिंबरावरून सांगणाऱ्या आपल्या समाजात अशराफ घरं लग्नाच्या वेळी माग कुठल्या घरात आहे ते बरोबर विचारत होती. इल्म मदरशात आणि शाळेत, हुनर कारखान्यात, अशी वाटणी आपणच केली. फक्त इंग्रजांना दोष देऊन चालणार नाही.

ही वाटणी मोडायचा एक मोठा प्रयत्न महाराष्ट्रात झाला आणि त्याचा आराखडा एका मुसलमान शिक्षकानं लिहिला. बी.एड.ला 'वर्धा योजना' हा 5 गुणांचा प्रश्न असायचा. आम्ही पाठ केला आणि विसरलो. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला वर्ध्यात गांधीजींनी शिक्षण परिषद बोलावली. तिथे नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकीर हुसेन. तेव्हा ते जामिया मिल्लियाचे कुलगुरू होते, वय 40, बर्लिनहून अर्थशास्त्रातली डॉक्टरेट घेऊन आलेले. समितीत विनोबा होते, काकासाहेब कालेलकर होते. 2 डिसेंबरला अहवाल तयार. 7 ते 14 वर्षांच्या मुलांना सात वर्षं मातृभाषेत शिक्षण द्यायचं, आणि तेही एका हस्तकलेच्या आधारानं. नमुना म्हणून कताई-विणाईचा तपशीलवार अभ्यासक्रम आखला, सुरुवात तकलीपासून. रोजच्या साडेपाच तासांच्या शाळेत हस्तकलेला 3 तास 20 मिनिटं आणि मातृभाषेला 40 मिनिटं. वर्षाला कामाचे दिवस 288! भाषेची शिक्षिका म्हणून त्या 40 मिनिटांचा मला थोडा राग येतो, ते असो.

मुलांनी केलेल्या कामातून शाळेचा खर्च निघावा, असा गांधीजींचा आग्रह होता. मुंबईचे अर्थतज्ज्ञ के. टी. शहा यांनी परिषदेतच त्याला विरोध केला. झाकीर साहेबांनाही धोका दिसत होता. शिक्षक शिकवणं सोडून मुलांकडून काम काढून घेणारे मुकादम होतील, आणि मग ही तकली पुस्तकापेक्षाही वाईट ठरेल, अशा अर्थाचा इशारा त्यांनी दिला. अहवालातही ही धास्ती लिहिलेली आहे. योजनेच्या अध्यक्षानंच तिच्यातलं विष आधी दाखवून ठेवलं होतं.

पुढे काय झालं? मुस्लिम लीगनं वर्धा योजनेविरुद्ध रान उठवलं. मध्य प्रांतातल्या शाळांना 'विद्या मंदिर' नाव दिल्यावर भांडण त्या नावावर गेलं. नावाबद्दलचा आक्षेप मला समजतो. पण त्या गदारोळात, ज्यांच्या घरात माग होता त्यांच्या मुलांना शाळेत माग शिकवावा की नाही, हा प्रश्न कुणी विचारला नाही. त्याच दशकात भिवंडी-मालेगावात पॉवरलूम येत होते. हातमागावर पाठ मोडलेल्या बापाला पोरानं शाळेतही तेच करावं असं कशाला वाटेल?

योजनेचे तुकडे आमच्या उपनगरात अजून सापडतात. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाचं मुख्यालय पार्ल्याला इर्ल्यात आहे. बोरिवलीला आयोगाची कोरा ग्रामोद्योग संस्था आहे, पण कोरा केंद्र म्हटलं की लोकांना नवरात्रातला गरबा आठवतो. आमच्या शाळेत उरलं ते कार्यानुभव : कागदी फुलं, फाइलचं कव्हर, आणि वर्षाअखेरी एक श्रेणी. दुसरीकडे अंधेरी-बोरिवलीत बांधणी, छोट्या मागावरची विणाई, जरदोजीचे शनिवार-रविवारचे वर्ग भरतात. फी भरपूर, शेवटी प्रमाणपत्र. शिकणाऱ्या बायांना मी नावं ठेवत नाही, हातानं काही करावंसं वाटणं चांगलंच. पण तोच टाका माझ्या मुलानं घातला तर त्याचं नाव शिक्षण नाही, मजुरी.

आणि ती मजुरी असतेच, हेही खोटं नाही. 2005 मध्ये मुंबईतल्या जरीच्या कारखान्यांवर धाडी पडल्या. बिहारमधून आणलेली लहान लहान मुलं बाहेर काढून रेल्वेनं गावी पाठवली गेली. झाकीर साहेबांनी सांगितलेला मुकादम तिथे होता, मालक बहुतेक आपलेच भाईबंद होते, आणि शागिर्दी या सुंदर शब्दाखाली ते सगळं चाललं होतं. 2016 च्या दुरुस्तीनं 14 वर्षांखालील मुलांना कामाला ठेवायला सगळीकडे बंदी आली. फक्त घरच्या धंद्यात, शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत मदत करायला मुभा ठेवली. चाचांचा कारखाना घरचा धंदा म्हणायचा का? कायदा कदाचित हो म्हणेल. मी त्या मुलाला पहिल्या तासाला डोळे चोळताना बघते.

म्हणून एका शनिवारी साकीनाक्याला गेले. पोटमाळ्यावर दोन अड्डे, भोवती सात-आठ माणसं मांडी घालून. ट्रेसिंग पेपरवर सुईनं भोकं पाडून केलेला खाका, त्यावरून रॉकेलमध्ये कालवलेली पांढरी पावडर फिरवली की कापडावर वेलबुट्टी उतरते. आरीवाल्याचा उजवा हात वर, डावा कापडाखाली धागा पुरवतो, त्याच्याकडे बघावंही लागत नाही. पगार नफरीवर, एक नफरी आठ तासांची. चाचांनी चहा मागवला. मी म्हटलं, परीक्षेपर्यंत मुलाला संध्याकाळी सोडा, रविवारी बसवा. ते 'देखते हैं' म्हणाले. मग मी विचारलं, कार्यानुभवाच्या तासाला एक छोटा अड्डा घेऊन शाळेत याल का, चाळीस मुलांना दाखवायला? बुडालेल्या नफरीचे पैसे मी देईन.

पैशांचं ऐकून ते ओशाळले, नको म्हणाले. मग मोबाइल काढून माझ्यासमोर धरला. कुठल्याशा डिझायनरकडून आलेली ऑर्डर होती, चार ओळी, इंग्रजीत. मागच्या महिन्यात अशीच एक ओळ चुकीची वाचली गेली आणि दोन दुपट्टे उसवावे लागले होते. "आऊंगा टीचर, अड्डा ले के आऊंगा," ते म्हणाले. "आप बस इसको ये परचा पढ़ना सिखा दो."