कुंभाराच्या भट्टीतील जलशुद्धी

भाजलेल्या मातीतून पाणी गाळण्याची रीत जुनी असली, तरी तिला प्रयोगशाळेची शिस्त लाभली ती 1884 मध्ये, पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांचे सहकारी शार्ल शांबर्लां यांनी झिलई न दिलेल्या चिनी मातीची सच्छिद्र नळी गाळणीसाठी वापरली तेव्हा. त्या छिद्रांत जिवाणू अडकत. मात्र 1892 मध्ये दिमित्री इवानोव्स्की यांना तंबाखूच्या एका रोगाचे कारण त्यातूनही पार जाताना आढळले, आणि विषाणूंच्या अभ्यासाला तेथून आरंभ झाला.

ही नळी कारखान्यातच घडे. खेड्यातील कुंभाराला जमेल असे गाळणपात्र ग्वाटेमालाचे रसायनतज्ज्ञ फर्नांदो मासारिएगोस यांनी 1981 मध्ये सिद्ध केले. स्थानिक मातीत चाळलेला लाकडाचा भुसा मिसळून कुंडीच्या आकाराचे भांडे भाजले, की भुसा जळून त्याच्या जागी सूक्ष्म पोकळ्यांचे जाळे उरते. त्यावर कलिल चांदी, म्हणजे द्रवात विखुरलेले चांदीचे अतिसूक्ष्म कण, लावल्याने जंतूंची वाढ रोखली जाते. 1998 च्या मिच चक्रीवादळानंतर निकाराग्वात ‘पॉटर्स फॉर पीस’ या संस्थेच्या रॉन रिवेरा यांनी या पात्राचा प्रसार हाती घेतला आणि साच्यात माती दाबण्यासाठी ट्रक उचलण्याचा हायड्रॉलिक जॅक वापरून सर्व भांड्यांची जाडी सारखी राखली.

खरी कसोटी एकसारखेपणाचीच होती. भुसा जाड किंवा जास्त पडला तर पाणी भराभर गळते आणि जंतूही निसटतात, कमी पडला तर घराची तहान भागत नाही. कंबोडियात भुशाऐवजी दळलेला भाताचा तूस आला, तेव्हा हे प्रमाण नव्याने बसवावे लागले. आच घाईने वाढवली तर मातीतील पाण्याची वाफ भांड्याला तडे पाडते, आणि सुमारे 850 ते 900 अंश सेल्सियसपर्यंतचे भाजणे अपुरे राहिले तर ते ठिसूळ राहते. म्हणून प्रत्येक भांडे आधी पाण्यात भिजवून ताशी किती पाणी गळते ते मोजण्याची पद्धत रूढ झाली. साधारण 1 ते 2.5 लिटर ही मर्यादा ओलांडणारे भांडे बाद ठरे. या सर्व घडामोडीत ही चाचणीच सर्वांत मोलाची मानावी लागेल, कारण सूक्ष्मदर्शकाविना, केवळ मापाच्या भांड्याने कुंभाराला आपल्या मालाची पारख करता आली. विषाणूंपुढे मात्र हे पात्रही भरवशाचे नाही.

रिवेरा यांनी आराखडा सर्वांना खुला ठेवला. 2008 मध्ये मलेरियाने त्यांचे निधन झाले. विविध देशांतील कार्यशाळांचा अनुभव एकत्र करून 2011 मध्ये निर्मितीची मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली, आणि तिच्यातही प्रत्येक भांड्याच्या गळतीचे मापन कायम राहिले.