मॅकफर्सन स्ट्रट
मोटारगाडीच्या पुढील चाकांच्या निलंबनाचा एक प्रकार. यात शॉक अॅब्सॉर्बर या नावाने परिचित असलेला धक्काशोषक हाच चाकाला आधार देणारा उभा दांडा असतो व त्याभोवती पोलादी मळसूत्री स्प्रिंग दाबून बसविलेली असते. चाकाच्या वरचा आडवा भुज त्यामुळे अनावश्यक ठरतो.

अमेरिकन अभियंते अर्ल एस. मॅकफर्सन (१८९१–१९६०) हे जनरल मोटर्समध्ये शेव्हरोले कॅडेट या लहान गाडीच्या आराखड्याचे प्रमुख होते. १९४७ मध्ये ती योजना सोडून देण्यात आली व ते फोर्ड कंपनीत गेले. त्या वर्षी अर्ज केलेले एकस्व १९५३ मध्ये मंजूर झाले. तत्पूर्वीच, १९५० मध्ये, ब्रिटनमधील फोर्डच्या कॉन्सल व झेफर या गाड्यांत ही रचना आली. भाग थोडे व जागा कमी लागत असल्याने पुढील चाकांना गती देणाऱ्या लहान गाड्यांत ती रूढ झाली. भारतात १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मध्येही ती होती.

कारखान्यात सोपी असलेली ही रचना दुरुस्तीत मात्र तितकी सोपी नाही. पाटा-स्प्रिंगांच्या गाडीत धक्काशोषक वेगळा असल्याने स्प्रिंगेला हात न लावता बदलता येई. येथे झिजणारा धक्काशोषक स्प्रिंगेच्या पोटातच असतो. गाडी उचलून चाक लोंबकळत ठेवले, तरी स्प्रिंग दबलेलीच राहते आणि तिला दांड्याच्या माथ्यावरील मधला नट धरून ठेवतो. तो आधी सैल केल्यास स्प्रिंग बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. घरी काम करणाऱ्यास हा धोका बाहेरून दिसत नाही.

म्हणून गाडी सपाट, टणक जमिनीवर ठेवून मागील चाकांना अटकाव लावतात व सांगाड्याखाली पक्क्या घोड्या देतात; केवळ जॅकवर विसंबत नाहीत. ब्रेकची रबरी नळी ताणू देत नाहीत. स्ट्रट काढताना माथ्याभोवतीचे नटच सोडतात, मधला नव्हे. नंतर समोरासमोर लावलेले दोन स्क्रू-दाबक आळीपाळीने थोडेथोडे पिळून स्प्रिंग बैठकीत सैल हलू लागल्यावरच मधला नट काढतात. त्या वेळी तोंड व हात स्प्रिंगेच्या रेषेत नसावेत. जोडणीत स्प्रिंगेचे टोक बैठकीच्या खाचेत बसल्याची खात्री करून मधला नट पुरता आवळल्यावरच दाबक हळूहळू ढिले करतात.

दाबक वापरण्याचा सराव नसल्यास स्प्रिंगेसह जुळवून मिळणारा तयार स्ट्रट घेणे अधिक शहाणपणाचे. कोणत्याही पद्धतीने बसविला, तरी चाकांचा झुकाव व संरेखन यंत्रावर तपासून घ्यावे लागते.