कार्डावर उघडणारे दार बसविताना

कार्ड टेकविले, बारीकसा आवाज झाला आणि दार उघडले, हा अनुभव शहरी माणसाला आता नवा राहिलेला नाही. एके काळी माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांपुरती असलेली ही सोय बँकांच्या आतल्या खोल्या, रुग्णालयांची औषध भांडारे, अभ्यासिका आणि गृहनिर्माण संस्थांच्या लॉबीपर्यंत पोहोचली आहे. मात्र कार्ड जेथे टेकवितात तो रीडर म्हणजे या यंत्रणेचे केवळ दर्शनी अंग होय. निर्णय घेतो तो आत कुठेतरी बसविलेला कंट्रोलर. तो कार्डाचा क्रमांक तपासतो, कुलूप सोडतो, दार उघडेच राहिले तर नोंद घेतो, खिडकीवरील चुंबकीय संपर्क तुटला किंवा रात्री बंद खोलीत हालचाल जाणवली तर भोंगा वाजवितो आणि हे सारे नेटवर्कवरून संगणकाला किंवा मोबाइलला कळवितो.

कुलूप, पहारेकरी आणि संगणक अशी तीन कामे एकाच पेटीत आली की तिन्हींचे धोकेही तेथेच एकत्र येतात. यंत्रणेची निवड मात्र बहुधा दरपत्रक आणि रीडरचे रूप पाहून होते. प्रत्यक्षात दोन-चार तारा कुठून कशा नेल्या, यावर या यंत्रणेचे बरेवाईट ठरते.

आधी बाहेर पडण्याची वाट

दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी तळमजल्यावरील ट्रान्सफॉर्मरला लागलेल्या आगीचा धूर वर चढला आणि ५९ प्रेक्षकांचा मृत्यू झाला. बाल्कनीतून बाहेर पडण्याची वाट वाढीव आसनांनी अडलेली होती आणि दारे बंद होती. तेथे इलेक्ट्रॉनिक कुलूप नव्हते. साध्या कड्यांनीच घात केला. कार्डाचे दार चुकीच्या पद्धतीने बसविले तर तीच कडी पुन्हा लागते, आणि या वेळी ती नजरेला दिसतही नाही.

म्हणून पहिला प्रश्न कुलपाच्या जातीचा. वीज गेली की उघडे होणारे कुलूप 'फेल सेफ' म्हणविले जाते आणि वीज गेल्यावरही बंदच राहणारे ते 'फेल सिक्युअर'. काचेच्या दारांवर वरच्या बाजूला दिसणारी लांबट धातूची पट्टी, म्हणजे विद्युतचुंबकीय कुलूप, पहिल्या प्रकारात मोडते. प्रवाह चालू आहे तोवर ते दार धरून ठेवते. बाजारात सर्रास मिळणारे ६०० पौंडांचे कुलूप सुमारे २७० किलो ओढ सहन करते. धुराने गुदमरलेल्या माणसाने ओढून ते उघडणे शक्य नाही. दुसऱ्या प्रकारातील कुलूप रोकड ठेवण्याच्या खोलीला किंवा सर्व्हर रूमला शोभते, पण तेथेही आतल्या बाजूची मूठ फिरविताच दार यांत्रिकरीत्या उघडले पाहिजे. बाहेर पडण्याची दारे आतून किल्लीविना उघडता आली पाहिजेत, असे २०१६ ची राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. कार्ड हीसुद्धा किल्लीच आहे, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

दाराच्या आतल्या बाजूला 'एक्झिट' असे लिहिलेले बटण असते. ते दाबले की दार उघडते, मग काळजी कशाची, असा युक्तिवाद होतो. परंतु अनेक ठिकाणी हे बटण थेट कुलपाला नव्हे, तर कंट्रोलरला जोडलेले असते. बटण केवळ विनंती करते. कुलूप सोडायचे की नाही हे कंट्रोलर ठरवितो. तो गोठला तर बटण निकामी. यासाठी त्याच्या शेजारी हिरव्या रंगाची, काच दाबून वापरावयाची आपत्कालीन पेटी हवी आणि तिने कुलपाकडे जाणारी वीज स्वतः तोडावी. तिच्या मार्गात ना कंट्रोलर असावा, ना सॉफ्टवेअर. लाल पेटी आगीच्या इशाऱ्यासाठी असते. दोन्हींचे रंग अदलाबदल करणारे महाभागही असतात.

तीच गोष्ट अग्निशमन यंत्रणेच्या जोडणीची. आगीचा इशारा मिळताच दारे सुटावीत म्हणून फायर पॅनेलमधील रिले कुलपांच्या वीजमार्गात घालतात. यात एक चूक वारंवार होते आणि ती वरून पाहता कळत नाही. हा रिले कुलपांच्या पॉवर सप्लायला येणारी २३० व्होल्टची वीज तोडतो. पॅनेल वाजते, मुख्य वीज जाते, आणि पॉवर सप्लायमधील बॅटरी आपले काम इमानाने सुरू करते. दारे बंदच राहतात! रिलेने तोडायचा तो पॉवर सप्लायच्या पुढचा, कुलपाकडे जाणारा मार्ग, म्हणजे मुख्य वीज आणि बॅटरी दोन्हींचा प्रवाह थांबतो. शिवाय ही जोडणी नेहमी बंद राहणाऱ्या संपर्कातून करावी. मग उंदराने तार कुरतडली तरी दार उघडे पडेल, अडकून बसणार नाही. उद्या कोणी खोटा इशारा देऊन चोरी करील, ही शंका अगदीच निराधार नाही. तिचे उत्तर पहारेकरी, कॅमेरा आणि भोंगा यांत शोधावे. दार अडवून ठेवण्यात शोधू नये.

पेटी कोणत्या बाजूला?

स्वस्त यंत्रणांमध्ये रीडर आणि कंट्रोलर एकाच डबीत येतात आणि ती डबी दाराबाहेर लागते. कुलपाच्या तारा त्या डबीच्या मागेच असतात. दोन स्क्रू काढून डबी बाजूला केली की दोन तारांचा स्पर्श करून किंवा त्या तोडून दार उघडता येते. कार्डाची गरजच उरत नाही. लॉबीला हे एक वेळ चालेल, रोख रक्कम असलेल्या खोलीला चालणार नाही. अशा ठिकाणी कंट्रोलर आणि त्याचा रिले आतल्या, सुरक्षित बाजूला, कुलूपबंद धातूच्या पेटीत असावा. बाहेर फक्त रीडर. पेटीचे झाकण उघडताच इशारा देणारा छोटा स्विच, अर्थात टॅम्पर स्विच, बहुतेक पेट्यांत असतो. तो जोडण्याचा कंटाळा केला जातो, एवढेच.

चोरघंटीच्या तारांनाही अशीच एक बारीक युक्ती लागते. दोन तारांच्या टोकाला दारावरचा संपर्क जोडला, तर मध्येच कोणी त्या तारा एकत्र पिळल्यास कंट्रोलरला दार सदैव बंदच दिसते. म्हणून तारेच्या अगदी शेवटी, संपर्कापाशी, ठरावीक मूल्याचा रेझिस्टर बसवितात. मग कंट्रोलरला बंद दार आणि पिळलेली तार यांतला फरक कळतो. हा रेझिस्टर पेटीतच, कंट्रोलरच्या टर्मिनलवर लावलेला दिसला तर कारागिराने काम उरकले आहे असे खुशाल समजावे, कारण तेथे तो तारेचे कसलेच रक्षण करीत नाही.

वीज, बॅटरी आणि वीजकडाका

कंट्रोलर आणि कुलूप बहुधा १२ व्होल्टवर चालतात. तरीही पॉवर सप्लायपर्यंत २३० व्होल्ट येतातच, आणि तो भाग परवानाधारक वायरमननेच करावा. स्वतंत्र एमसीबी, पक्के अर्थिंग, तसेच १२ व्होल्टच्या आणि मुख्य विजेच्या तारांसाठी वेगळ्या नळ्या, या गोष्टींत तडजोड नको. पेटीत हात घालण्यापूर्वी मुख्य वीज आणि बॅटरी दोन्ही सोडवावीत. बॅटरीचा धक्का बसत नसला तरी तिच्या दोन टोकांमध्ये पाना पडला तर ठिणग्या उडतात आणि तार लालभडक होते.

बॅटरीचा हिशेब कागदावर मांडून घ्यावा. एक चुंबकीय कुलूप साधारण अर्धा अँपिअर प्रवाह घेते. कंट्रोलर आणि दोन रीडर मिळून आणखी ०.४ अँपिअर धरले तर एकूण ०.९ होतात. ७ अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर पावणेआठ तास पुरते. प्रत्यक्षात नवी असताना सहाएक तास, तीन वर्षे जुनी असताना त्याहून बरीच कमी. त्याच बॅटरीवर चार दारे टाकली तर दोन तासांचीही खात्री नाही. फेल सेफ कुलपाची बॅटरी संपली की दार उघडे पडते, त्यामुळे लांबलेल्या भारनियमनात कार्यालय कोणाच्या भरवशावर राहील, याचे उत्तर आधीच ठरलेले असावे.

कुलूप म्हणजे तारेचे वेटोळे. त्यातील प्रवाह अचानक तुटला की क्षणभर उलटा, मोठा दाब निर्माण होतो. तो रिलेचे संपर्क जाळतो आणि कधी कधी कंट्रोलरलाच गोठवितो. 'महिन्यातून दोनदा यंत्रणा बंद करून चालू करावी लागते' या तक्रारीचे मूळ अनेकदा येथे असते. डीसी स्ट्राइक कुलपाच्या दोन टर्मिनलांवर, कुलपापाशीच, एक साधा डायोड लावला की हा दाब तेथेच जिरतो. त्याच्या पट्ट्याची बाजू धन टोकाला हवी, उलट लावल्यास शॉर्ट सर्किट होते. अनेक चुंबकीय कुलपांत अशी सोय आतच असते, आणि वरून डायोड जोडल्यास ती सुटायला किंचित विलंब होऊ शकतो. तेव्हा कुलपासोबत आलेला कागद फेकून न देता वाचावा.

मोठ्या संकुलांत प्रवेशद्वाराची केबिन आणि कार्यालय यांत शंभर मीटरचे अंतर सहज असते. दोन्हींना तांब्याच्या नेटवर्क केबलने जोडले की वळवाच्या पावसात पडणारी एखादी वीज दोन्ही टोकांची उपकरणे एकदम घेऊन जाऊ शकते. दोन इमारतींमध्ये फायबरची जोडणी करणे हा सरळ उपाय. त्यासाठी लागणारा खर्च एका कंट्रोलरच्या किमतीशी ताडून पाहावा.

नेटवर्कवरचा पाहुणा

ऑक्टोबर २०१६ मध्ये मिराई नावाच्या उपद्रवी प्रोग्रॅमने ताब्यात घेतलेल्या उपकरणांनी डिन या अमेरिकी कंपनीवर हल्ला चढविला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अनेकांना काही तास मिळेनाशा झाल्या. ही उपकरणे म्हणजे मुख्यतः कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर होते. त्यांत शिरण्यासाठी कारखान्यातून आलेले, कोणीही न बदललेले पासवर्ड पुरेसे ठरले होते. कंट्रोलर हे त्याच कुळातले उपकरण. त्यामुळे नेटवर्कला जोडण्यापूर्वीच त्याचा मूळ पासवर्ड बदलावा, फर्मवेअर अद्ययावत करावे आणि न लागणाऱ्या सेवा बंद कराव्यात.

घरबसल्या दार उघडता यावे म्हणून कारागीर राउटरवर पोर्ट उघडून देतो. याचा अर्थ आपल्या दाराची कडी जगाच्या रस्त्यावर टांगणे. बाहेरून प्रवेश हवाच असेल तर तो व्हीपीएनमार्गे घ्यावा. कार्यालयाच्या संगणकांपासून कंट्रोलर वेगळ्या व्हीलॅनवर ठेवणे तितकेच अगत्याचे आहे. २०१३ च्या अखेरीस टार्गेट या अमेरिकी दुकानसाखळीतून सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली, तेव्हा चोरांनी पहिले पाऊल टाकले ते शीतकरण यंत्रणेची कामे करणाऱ्या एका कंत्राटदाराच्या पासवर्डवरून. दार सांभाळणाऱ्या कंत्राटदारालाही आपल्याकडे असाच पासवर्ड दिलेला असतो.

नेटवर्क तुटले तर काय, हा उलट बाजूचा प्रश्न. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकच्या सेवा जगभर सुमारे सहा तास बंद पडल्या, तेव्हा कर्मचाऱ्यांची ओळखपत्रे दारांवर चालेनाशी झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. कार्डांची यादी कंट्रोलरच्या स्वतःच्या स्मृतीत असावी आणि प्रवेशाचा निर्णय त्याने तेथल्या तेथे घ्यावा. सर्व्हरकडे केवळ नोंदी जाव्यात. त्याचे घड्याळही नेटवर्कवरून जुळविलेले हवे, अन्यथा चोरीनंतर नोंदींतील वेळ आणि कॅमेऱ्यातील वेळ यांचा मेळ लागत नाही.

कार्डांबाबत थोडक्यात. १२५ किलोहर्ट्झची साधी कार्डे आपला क्रमांक कोणत्याही रीडरला सांगून मोकळी होतात आणि त्यांची नक्कल किल्ली बनविणाऱ्याकडेही होऊ शकते. मायफेअर क्लासिक कार्डांचे सांकेतिक कवच संशोधकांनी २००७-०८ मध्येच भेदले आहे. रीडरपासून कंट्रोलरपर्यंतची जुनी विगंड पद्धत क्रमांक उघडपणे पाठविते. ओएसडीपी ही नवी पद्धत तो सांकेतिक करून पाठवू शकते, मात्र तिचा सुरक्षित मार्ग मुद्दाम चालू करावा लागतो. बोटांचे ठसे सोयीचे खरे, पण चोरीला गेलेला पासवर्ड बदलता येतो, बोट बदलता येत नाही.

ताबा घेण्यापूर्वी

काम पूर्ण झाल्याचे सांगून कारागीर बिलावर सही मागतो, त्या आधी पाऊण तास राखून ठेवावा आणि त्याच्याच देखत पाच गोष्टी करून पाहाव्यात. मुख्य वीज बंद करून बॅटरीवर दार चालते का पाहावे. नंतर नेटवर्कची केबल उपटावी. कार्डे चालू राहिली पाहिजेत. कंट्रोलर पूर्ण बंद करून आतून हिरवी पेटी दाबावी; दार सुटले पाहिजे. मग बॅटरी जोडलेली असतानाच फायर पॅनेलवरून आगीचा इशारा द्यावा आणि प्रत्येक मजल्यावरचे प्रत्येक दार स्वतः ढकलून पाहावे. शेवटी एक कार्ड रद्द करून ते खरोखर नाकारले जाते का, याची खात्री करावी. चौथी चाचणी टाळण्यासाठी 'साहेब, अलार्म वाजला तर लोक घाबरतील' हे कारण पुढे येते. रविवारी सकाळी, आधी सूचना लावून ती करता येते.

महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंध व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाखाली अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र, म्हणजे 'नमुना ब', दर जानेवारी आणि जुलैमध्ये सादर करावे लागते. ती तपासणी बहुधा पंप, होज आणि पॅनेलपाशी थांबते. कार्डाच्या दारांचे कंत्राट वेगळ्या संस्थेकडे असल्याने दोन्ही कंत्राटदार एका वेळी इमारतीत क्वचितच येतात. गृहनिर्माण संस्थेच्या सचिवाने किंवा कार्यालयाच्या प्रशासकाने त्या दोघांना त्याच दिवशी बोलवावे, आणि पॅनेल वाजल्यावर दारे सुटली की नाही हे त्या दिवसाच्या नोंदवहीत दारनिहाय लिहून घ्यावे.