पेलाग्राची कुळकथा

पेलाग्रा हें नांव आपल्याकडील बहुतेक सुशिक्षित कुटुंबांत आज कोणाच्या कानावरूनहि गेलेलें नसेल, आणि तसें असणें ही सुखाचीच गोष्ट आहे. परंतु एके काळीं या रोगानें युरोपांतील व अमेरिकेंतील वेड्यांचीं इस्पितळें भरून टाकिलीं होतीं. छांदोग्य उपनिषदांत उद्दालक आपल्या मुलास पंधरा दिवस केवळ पाण्यावर ठेवतो. तेव्हां श्वेतकेतूस पाठ केलेलें कांहींच आठवेनासें होतें, आणि जेवण झाल्यावर सर्व पुन्हा आठवतें, ही कथा आपणांस ठाऊक आहे. तेवढ्यावरून आपल्या पूर्वजांस जीवनसत्त्वें ठाऊक होतीं असें म्हणणाऱ्यांच्या पंगतीस बसण्याची माझी इच्छा नाहीं. पेलाग्राच्या कथेंत मात्र असल्या श्वेतकेतूंची संख्या लाखांच्या घरांत जाते, आणि त्यांपैकीं कित्येकांस वेळेवर जेवूं घालणारा कोणी भेटला नाहीं.

स्पेनच्या उत्तरेस आस्तुरियास नांवाचा डोंगराळ प्रांत आहे. तेथील गास्पार कासाल या वैद्यानें १७३५ सालीं गरीब शेतकऱ्यांत दिसणाऱ्या एका विचित्र व्याधीचें वर्णन लिहिलें. हात, पाय व मान यांवरची कातडी लाल होऊन पुढें खरबरीत व खपलीदार होई. त्यासच तेथील लोक गुलाबाचा रोग म्हणत. रोगी खिन्न होत, हेंहि कासालच्या नजरेंतून सुटलें नाहीं. हे लोक बहुतांशीं मक्यावर राहतात व मांस त्यांस क्वचितच मिळतें, असेंहि त्यानें नमूद केलें. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १७६२ सालीं, प्रसिद्ध झाला. पुढें १७७१ सालीं मिलानच्या फ्रापोलीनें या व्याधीचें खरबरीत कातडी या अर्थाचें इटालियन नांव, पेलाग्रा, ग्रंथांत रूढ केलें.

नांव कातडीवरून पडलें खरें, पण रोग कातडीवर थांबत नसे. आधीं झोप उडे. मग चिडचिड, विनाकारण भीति, कशांतच मन न लागणें. पुढें जुलाब लागत, तोंड येई, आणि शेवटीं भ्रम होऊन रोगी असंबद्ध बडबडूं लागे. ज्यास घरच्यांनीं प्रथम आळशी किंवा तऱ्हेवाईक म्हटलें, तोच कांहीं वर्षांनीं वेड्यांच्या इस्पितळांत जाऊन पडे. उत्तर इटलींत, जेथें गरिबांचें सारें जेवण म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट सांजा, तेथें तर अशा रोग्यांसाठीं निराळीं इस्पितळें काढावीं लागलीं. नासलेल्या मक्यांतील विषामुळें हा रोग होतो, असें लोम्ब्रोसोसारखे प्रसिद्ध पंडित आग्रहानें सांगत. वस्तुतः मका ज्या मेक्सिकोंतून आला, तेथें हा रोग जवळजवळ नव्हता. तेथील बायका मका चुन्याच्या पाण्यांत शिजवीत, आणि त्यामुळें त्यांतील बांधलेलें जीवनसत्त्व मोकळें होई. युरोपीयांनीं मक्याचें बीं तेवढें आणलें. तो शिजविण्याची रीत आणली नाहीं.

अमेरिकेच्या दक्षिण भागांत १९०६ सालीं, अलाबामांतील माउंट व्हर्नन येथें कृष्णवर्णीयांसाठीं असलेल्या वेड्यांच्या इस्पितळांत, ८८ जणांस हा रोग झाला व त्यांपैकीं ५७ मेले. डॉ. जॉर्ज सर्सी यांनीं १९०७ सालीं हें वृत्त प्रसिद्ध करतांच ठिकठिकाणचे डॉक्टर आपापल्या इस्पितळांत पाहूं लागले, आणि जेथें तेथें पेलाग्रा दिसूं लागला. १९१२ सालीं नेमलेल्या एका मंडळानें हा रोग संसर्गजन्य असावा असें मत दिलें. सुप्रजननशास्त्राचे पुरस्कर्ते डॅव्हनपोर्ट यांनीं १९१६ सालीं त्यांत आनुवंशिक दोषाचा भाग शोधून काढिला. दोन्हीं मतें सोयीचीं होतीं. रोग माशीनें येत असेल तर दोष माशीचा. रक्तांतून येत असेल तर दोष रोग्याच्या बापजाद्यांचा. मजुरी देणारा दोन्हींकडून मोकळा.

१९१४ सालीं सरकारी आरोग्यखात्यानें जोसेफ गोल्डबर्गर यांस या कामावर पाठविलें. ते १८७४ सालीं हंगेरींत जन्मलेले व न्यूयॉर्कमध्यें वाढलेले ज्यू होते. पीतज्वर, डेंग्यू व टायफस यांचा अभ्यास करतांना तिन्हीं रोग त्यांस स्वतःस होऊन गेले होते. संसर्ग म्हणजे काय हें त्यांच्याइतकें कोणास ठाऊक असणार? इस्पितळांतून हिंडतांना त्यांच्या लक्षांत एक साधी गोष्ट आली. रोग्यांच्या सहवासांत अहोरात्र वावरणाऱ्या परिचारिकांस व नोकरांस पेलाग्रा होत नाहीं. मिसिसिपींतील जॅक्सनच्या अनाथालयांत तर त्याहून नवल होतें. सहा वर्षांच्या आंतील मुलें बहुधा निरोगी, कारण त्यांस दूध मिळे. बारांच्या वरचीं निरोगी, कारण तीं काम करीत म्हणून त्यांस मांस मिळे. मधलीं, जीं दुधाच्या वयाचीं नव्हतीं व कामाचींहि नव्हतीं, तींच रोगी. गोल्डबर्गरनीं त्या मुलांस दूध, अंडीं, मांस व कडधान्यें देवविलीं. आदल्या वर्षीं दोन अनाथालयांत मिळून सुमारें दोनशें मुलें आजारी होतीं. पुढच्या वर्षीं रोग जवळजवळ नाहींसा झाला. जॉर्जियांतील मिलेजव्हिलच्या वेड्यांच्या इस्पितळांतहि तोच अनुभव आला.

यावर विरोधकांचें समाधान झालें नाहीं. म्हणून १९१५ सालीं मिसिसिपीच्या तुरुंगांतील बारा निरोगी कैद्यांस, शिक्षा माफ करण्याच्या बोलीवर, मुख्यतः मक्याचें पीठ, मैदा, भात, साखर व काकवी अशा अन्नावर ठेवण्यांत आलें. अकरा जण शेवटपर्यंत टिकले व त्यांपैकीं सहांस पेलाग्रा झाला. बंदिवानास सुटकेचें आमिष दाखवून त्याची संमति घेणें ही संमति नव्हेच. आज असा प्रयोग कोणी मंजूर करणार नाहीं व करूंहि नये. पण हाच मनुष्य पुढच्या वर्षीं स्वतःवर काय करून घेतो तें पाहा. रोग्यांचें रक्त टोचून घेणें, त्यांच्या खपल्या व मलमूत्र कणकेंत मिसळून गिळणें, हे किळसवाणे प्रयोग त्यानें आपल्यावर व सहकाऱ्यांवर केले. त्याची पत्नी मेरी हिनेंहि रोग्याचें रक्त टोचून घेतलें. एकासहि रोग झाला नाहीं.

परंतु या सर्वांहून मोलाचें काम मला वेगळेंच वाटतें. १९१६ पासून गोल्डबर्गर व अर्थशास्त्रज्ञ एडगर सिडेनस्ट्रिकर यांनीं दक्षिण कॅरोलिनांतील सात कापड गिरण्यांच्या वसाहतींत घरोघर जाऊन, कोणी किती मिळवितें व कोणत्या घरांत काय शिजतें याची नोंद केली. जसजसें उत्पन्न कमी, तसतसा पेलाग्रा अधिक. ज्या घरीं गाय होती तेथें तो कमी. हिवाळा संपतां संपतां खालावलेल्या जेवणाचें फळ वसंतांत दिसे. शेतमजुरांची स्थिति त्याहून बरी नव्हती. त्यांच्या दारापर्यंत कापूस लावलेला, भाजीपाल्यास वाफा नाहीं, आणि दुकानांतून उधारीनें येणार तें मक्याचें पीठ, काकवी व डुकराची खारवलेली चरबी. आणखी एक गोष्ट त्या वह्यांत आहे. वयांत आलेल्या स्त्रियांस हा रोग पुरुषांच्या कितीतरी पट अधिक होई. घरांत जें कांहीं बरें अन्न येई तें कमावत्याच्या ताटांत आधीं पडे. हें वाचतांना कॅरोलिना मला फारशी दूर वाटली नाहीं.

१९२० नंतर कापसाचे भाव कोसळले, तेव्हां पेलाग्रा वाढणार हें गोल्डबर्गरनीं ओळखलें. १९२१ सालीं राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनीं दक्षिणेस मदत करण्याविषयीं पत्र लिहिलें, त्यांत दुष्काळाचा उल्लेख होता. झालें! दक्षिणेकडील पुढारी व वृत्तपत्रें खवळून उठलीं. आमच्या सुजला प्रांतांत उपासमार आहे असें म्हणतां? आमची बदनामी होते, व्यापार बुडतो, आम्हांस कोणाची भीक नको. भीक नको म्हणणारे अर्थातच ज्यांस पेलाग्रा झाला होता ते नव्हते.

महागड्या मांसादुधास पर्याय म्हणून गोल्डबर्गरनीं बीअर करतांना उरणारें यीस्ट शोधलें, आणि १९२७ सालीं मिसिसिपीस महापूर आला त्या वेळीं रेड क्रॉसनें तें खेडोपाडीं वांटलें. १९२९ सालीं कर्करोगानें त्यांचा अंत झाला. अन्नांतील तें अज्ञात द्रव्य त्यांच्या हातीं लागलें नाहीं. तें १९३७ सालीं विस्कॉन्सिनच्या एल्व्हेजेम यांनीं ओळखलें: निकोटिनिक आम्ल. दैवाची थट्टा अशी कीं, फंक या शास्त्रज्ञानें १९१४ पूर्वींच तें यीस्टमधून व तांदळाच्या कोंड्यांतून वेगळें काढिलें होतें; पण तो शोधीत होता बेरीबेरीचें औषध, आणि त्या रोगास यानें गुण येईना, म्हणून तें बाजूस पडलें. १९३८ सालीं टॉम स्पाइज व त्यांचे सहकारी यांनीं तें पेलाग्रानें भ्रमिष्ट झालेल्यांस दिलें, आणि कित्येकांचा भ्रम थोड्या दिवसांत ओसरला. पुढच्या दशकांत पिठांत व पावांत तें मिसळूं लागले, युद्धामुळें मजुरीहि वाढली, आणि दक्षिणेंतून पेलाग्रा गेला.

या यशाची नशा कांहींस चढली. १९५० नंतर कॅनडांत हॉफर व ऑस्मंड यांनीं स्किझोफ्रेनियावर याच द्रव्याच्या मोठ्या मात्रा देऊन पाहिल्या; पुढें तेथेंच झालेल्या काटेकोर चांचण्यांत त्यास आधार मिळाला नाहीं. एका वेडाचें मूळ अन्नांत सांपडलें म्हणून प्रत्येक खिन्न मनुष्यास चूर्णाची बाटली विकण्याचा परवाना मिळत नाहीं. उलट, उदास व चिडचिड्या माणसास उपदेश करण्यापूर्वीं तो काय जेवतो हें विचारावें, एवढा अधिकार मात्र या इतिहासानें खासच दिला आहे.

आपल्या दख्खनचाहि या कथेंत अंक आहे, आणि तो मक्याचा नसून ज्वारीचा आहे. १९१८ सालीं कुन्नूर येथें बेरीबेरीच्या संशोधनापासून सुरू झालेली संस्था पुढें हैदराबादेस आली. तेथें गोपालन व श्रीकांतिया यांनीं, केवळ ज्वारीवर राहणाऱ्या तेलंगणांतील गरिबांत पेलाग्रा होतो याची मीमांसा १९६० सालीं मांडली. ज्वारींतील ल्यूसीन या अॅमिनो आम्लाचें आधिक्य त्यांनीं कारण मानलें. त्यावर मागाहून वाद झाला. ज्यांच्या भाकरीबरोबर वरण, ताक किंवा शेंगदाण्याची चटणी असते त्यांनीं ज्वारीस भिण्याचें कारण नाहीं. ती चटणी किरकोळ नव्हे. १९९० सालीं मलावींत आश्रय घेतलेल्या मोझांबिकच्या निर्वासितांस मका मिळतच होता, पण भुईमुगाच्या शेंगांचा पुरवठा तुटला. आणि सुमारें १८ हजार लोकांस पेलाग्रा झाला. त्यांत पुन्हा स्त्रियाच अधिक होत्या.