नरडाण्याहून साडेसहा कोटी वर्षं मागे

नरडाण्याहून गाडी आग्रा रोडला लागते आणि तुम्ही काचा वर करता. वैशाखातलं ऊन सकाळी नऊलाच झळा मारायला लागलंय. दोन्ही अंगांना कापूस निघालेली काळी रानं. सोनगीर गेलं, धुळं गेलं. लळिंगच्या किल्ल्याखाली पोचता तोवर डांबर संपलेलं असतं.

१३९९ साल. खानदेशचा शासक मलिक राजा फारुकी नुकताच वारलाय, थाळनेर धाकट्या मुलाकडे गेलंय आणि लळिंग थोरल्या नासिरखानाकडे. घोड्यांच्या टापांनी उडालेला फुफाटा डोळ्यांत जातो. इथे थांबू नका, अजून बरंच मागे जायचंय.

चाळीसगावच्या पुढे, सातमाळ्याच्या पायथ्याशी पाटणे. आता पंचवीस हजार वर्षांपूर्वीचं खानदेश आहे. हिमयुगातली कोरडी हवा, उघडं गवताळ रान, आणि त्यात शहामृगं! हो, आपल्या खानदेशात. तुमच्या शेजारी कुणीतरी उकिडवं बसलंय. हातात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा तुकडा. गारगोटीच्या धारदार कपचीने तो दोन समांतर रेघा ओढतो, मग त्यांच्यामध्ये तिरक्या रेघांची जाळी भरतो. घाई अजिबात नाही. कवचाचा पांढरा भुगा त्याच्या बोटांना चिकटतो. १९७०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांना उत्खननात असं कोरीव कवच मिळालं. भारतातल्या सर्वांत जुन्या कलेचे नमुने मोजताना त्याचं नाव घ्यावंच लागतं.

परतताना पारोळ्याहून धुळ्याकडे निघा आणि रस्ता सोडून रानात शिरा. समोर काळ्या दगडाची भिंत, सरळ रेषेत लांबवर गेलेली. कुणी बांधलेली नाही; भेगेत थिजलेल्या शिलारसाच्या अशा भिंतीला डाइक म्हणतात. साक्री-धुळे-पारोळा असा हा डाइक सुमारे ७९ किलोमीटर लांब आहे. नंदुरबार-धुळे पट्ट्यात भूशास्त्रज्ञांनी असे २१० डाइक नकाशावर मांडलेत. भिंतीला हात लावा, आणि साडेसहा कोटी वर्षं मागे या.

भारत अजून विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, वर्षाला जवळजवळ वीतभर उत्तरेकडे सरकतोय. तुम्ही जमिनीच्या पोटात आहात. खडक ताणून फाटतोय आणि त्या भेगेतून तप्त शिलारस वर चढतोय. वर कुठे तो बाहेर पडून मैलोन्‌मैल पसरतो, निवतो. त्यावर माती धरते, तळी साचतात, बेडूक येतात, मग पुढचा लोंढा सगळं झाकून टाकतो. तुमच्या भेगेतला रस मात्र आतच थिजतो. दोन्ही बाजूंच्या गार खडकाकडून तो निवत येतो, म्हणून त्याचे खांब आडवे पडतात, सरपण रचल्यासारखे. आजूबाजूचा मऊ खडक पुढे झिजून गेला, हा टणक गाभा उरला.

अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातला शिपरॉक पाहायला जगभरातून लोक जातात. त्याच्याभोवतीच्या भिंतीही अशाच थिजलेल्या शिलारसाच्या, पण वय जेमतेम तीन कोटी वर्षं. आपल्या भिंती त्याच्या दुप्पट जुन्या आहेत. शाळेच्या सहली इथे का येत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

इथल्या शेतकऱ्यांशी मात्र जरूर बोला. डाइक जमिनीखालीही भिंतच असतो; सलग असेल तर उतारावरून झिरपत येणारं पाणी अडवतो. विहिरीची जागा ठरवायची तर भिंतीच्या वरच्या अंगाला आधी बघावी.