पेटी, यादी आणि घरबसला वाचक

एप्रिल २०२० मधली गोष्ट. टाळेबंदीला दोन-तीन आठवडे झाले होते. माझे खत-बियाण्यांचे दुकान सकाळचे काही तास उघडे असे, बाकी दिवस घरातच. एका संध्याकाळी पुतणीने मोबाइल पुढे केला. म्हणाली, “काका, कॉलेजच्या लायब्ररीनं यादी पाठवलीय. तुमच्या कामाची दिसतेय.”

तालुक्यातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथपाल मॅडमनी विद्यार्थ्यांसाठी केलेली ती यादी होती. घरी बसून काय वाचावे आणि ते कुठे सापडेल, एवढाच विषय. राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय, शोधगंगा, मराठी विश्वकोश, राज्याच्या दर्शनिका विभागाची गॅझेटिअर, एन-लिस्ट अशी नावे एकाखाली एक दिलेली. माझे शिक्षण बारावीपर्यंतचे. गिरणाकाठच्या गावांचा इतिहास जमवण्याचा नाद मात्र पंचवीस वर्षांचा. त्यासाठी मी धुळ्याला, जळगावला, पुण्याला खेपा घातल्या, बसभाडे आणि झेरॉक्सचे पैसे मोजले. आता कुणी म्हणत होते की यातले बरेच काही घरात बसून मिळेल. त्या यादीने मला काय दिले आणि काय दिले नाही, याचा हा हिशेब आहे.

वाचकाला ग्रंथालयात यायला जमत नसेल तर ग्रंथालयाने त्याच्याकडे जावे, हा विचार टाळेबंदीत जन्मला नाही. त्याचे एक मोठे उदाहरण आमच्या गिरणेच्या खोऱ्यातल्या माणसाचे आहे. सयाजीराव गायकवाड १८६३ साली मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्यात जन्मले आणि १८७५ साली दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसले. १९०६ मध्ये त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पण शाळेतून बाहेर पडलेल्या पोराला पुढे वाचायला काही नसेल तर ते शिकलेले विसरणार, हे त्यांनी ओळखले. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथालयतज्ज्ञाला बोलावले. बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, गावोगावी वाचनालये निघाली आणि जिथे तीही नव्हती तिथे फिरत्या ग्रंथालयाच्या लाकडी पेट्या जाऊ लागल्या.

या पेटीचे काम समजून घेण्यासारखे आहे. मध्यवर्ती ग्रंथालयातला माणूस पुस्तके निवडून पेटी भरी. गावातला एखादा जबाबदार माणूस ती उतरवून घेई, लोकांना पुस्तके देई, परत गोळा करी. वाचून झाल्यावर पेटी परत जाई आणि दुसरी येई. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्यासाठी चित्रे आणि पुढे चलच्चित्रेही दाखवली जात. म्हणजे पेटीच्या दोन्ही टोकांना माणूस होता. एक निवडणारा आणि एक हातात देणारा.

खान्देशात अशी संस्थानी व्यवस्था नव्हती, पण माणसे होती. १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत शिक्षक असलेले साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढत. रात्री जागून स्वतःच्या हाताने लिहीत आणि सकाळी मुलांपुढे ठेवत. इकडे धुळ्यात वि. का. राजवाड्यांची वाट उलटी होती. ते लोकांच्या घरी पुस्तके पोचवत नव्हते, लोकांच्या घरातले कागद शोधत गावोगाव फिरत होते. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच त्यांचे निधन झाले. त्यानंतर त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या संशोधन मंडळाने त्यांचा संग्रह सांभाळला. माझ्यासारख्या पदवी नसलेल्या माणसाने तिथे बसून जुन्या कागदांना पहिल्यांदा हात लावला.

आता यादीकडे येतो. एकेक दुवा उघडत गेलो तसे लक्षात आले, की तिथे दोन प्रकारची दारे आहेत. एन-लिस्टवरची नियतकालिके आणि पुस्तके महाविद्यालयाच्या विद्यार्थी-शिक्षकांसाठी. त्याला परवलीचा शब्द लागतो आणि तो मला मिळण्याचे कारण नव्हते. शोधगंगेचे दार मात्र सगळ्यांना उघडे. देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध तिथे कुणीही वाचू शकतो. अहिराणी बोलीवर, खान्देशातल्या पिकांवर, आदिवासी चळवळींवर लोकांनी वर्षानुवर्षे घासलेले काम मी पहिल्यांदा तिथे पाहिले. विश्वकोशही खुला. त्याचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचे. आमच्या भागातल्या माणसाच्या देखरेखीखाली वाईत सुरू झालेले ते काम, पहिला खंड १९७६ चा, आता माझ्या ओट्यावर मोबाइलमध्ये उघडत होते.

पण खरी ओढ लावली ती खान्देशच्या गॅझेटिअरने. मुंबई इलाख्याच्या मालेतला हा बारावा खंड १८८० मध्ये निघाला. तेव्हा भडगाव पाचोरा तालुक्यात मोडत होते. मी ‘भडगाव’ असे मराठीत लिहून शोधले, काही आले नाही. रोमन अक्षरांत लिहिले तेव्हा पाने उलगडली. शब्दकोश शेजारी ठेवून मी ती चार रात्री वाचली. इथल्या सरकारी प्रायोगिक शेतीचा उल्लेख होता, कापसाच्या व्यापाराचा होता आणि १८७२ च्या सप्टेंबरात गिरणेला आलेल्या महापुराचा होता.

आई शेजारी बसली होती. म्हणाली, “काय वाची ऱ्हायना रे तू?” मी सांगितले, दीडशे वर्षांपूर्वी आपल्या गावात पाणी शिरले होते, घरे वाहून गेली होती, ते छापून ठेवलेले आहे. तिने तिच्या आजेसासूकडून मोठ्या पुराची गोष्ट ऐकली होती. आम्ही ती इतके दिवस म्हातारीची अतिशयोक्ती समजत होतो. त्या रात्री एका घरगुती गोष्टीला साल आणि महिना मिळाला. माझ्या मते ग्रंथालयाचे काम हेच आहे.

अडचणीही सांगायला हव्यात. डिजिटल ग्रंथसंग्रहांत हजारो जुनी मराठी पुस्तके आहेत, पण पुष्कळांची नावे रोमन लिपीत, ज्याला जशी सुचली तशी नोंदलेली. ‘ज्ञ’ कुणी ‘डी’ने सुरू करतो, कुणी ‘जे’ने. नाव चुकले की असलेले पुस्तक नसल्यासारखे. तीनशे पानांचा स्कॅन मोबाइलच्या पडद्यावर वाचताना डोळे दुखतात, आणि घरात एकच मोबाइल असेल तर आधी पोरांचा अभ्यास.

याहून मोठी गोष्ट कायद्याची आहे. आपल्याकडे लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतर साठ वर्षे लेखनावर हक्क राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे त्यांची पुस्तके २०११ पासून सर्वांची झाली. आजच्या लेखकाचे पुस्तक मात्र असे मोकळे मिळणार नाही, आणि त्याच्या पोटाचा विचार केला तर मिळूही नये. याचा अर्थ घरबसल्या वाचकाच्या वाट्याला बहुतेक जुने तेवढेच येते. बडोद्याच्या पेटीत नवे पुस्तकही जाऊ शकत होते, कारण ग्रंथालयाने विकत घेतलेली प्रत ते कुणालाही वाचायला देऊ शकते. दुवा पाठवणे आणि पुस्तक उसने देणे यांत हा फरक आहे.

मी ग्रंथपाल मॅडमना फोन केला. मी महाविद्यालयाचा कुणी नाही, हे आधीच सांगून टाकले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “यादी शंभर जणांना पाठवली, विचारणारे तुम्हीच पहिले.” मग त्यांनी अर्धा तास समजावले. नाव सापडले नाही तर लेखकाच्या आडनावाने कसे शोधायचे, प्रबंधात आधी शेवटची संदर्भसूची का पाहायची, गॅझेटिअरमध्ये गावाची माहिती कोणत्या प्रकरणात असते. त्या अर्ध्या तासाने यादीची पेटी झाली. पलीकडे निवडणारे माणूस होतेच, आता ते बोलूही लागले होते.

ऑक्टोबरात ग्रंथालये पुन्हा उघडली आणि यादी मोबाइलमध्ये वर सरकून गेली. पण महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली चालणारी वाचनालये गावोगाव आहेत. प्रत्येकाने आपल्या तालुक्यापुरती अशी यादी केली तर? नुसती संकेतस्थळांची नावे नकोत. आपल्या गावाचा उल्लेख कोणत्या ग्रंथात, कोणत्या पानावर आहे, शोधताना नाव कसे लिहायचे, दार खुले की कुलूपबंद, आणि अडले तर कुणाला विचारायचे, एवढे हवे. भडगावपुरती मी ती करायला घेतली आहे. वहीत आजवर एकेचाळीस नोंदी झाल्या. पहिली नोंद १८७२ च्या पुराची आहे, आणि तिच्यापुढे कंसात मी आईचे नाव लिहिले आहे.