मोडीत निघालेले आवाज : जुन्या तबकड्यांचा शोध

१/ एखाद्या गायकाचे चरित्र ग्रंथालयात सापडते, त्याचा आवाज मात्र पुष्कळदा भंगाराच्या दुकानात. मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार आणि गावोगावची मोडीची दुकाने ही महाराष्ट्राच्या संगीताची बिनयादीची दफ्तरखानेच आहेत. हा धागा तिथल्या काळ्या तबकड्यांविषयी.

२/ आरंभ १९०२ चा. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायसबर्ग कोलकात्यात आले आणि त्या नोव्हेंबरात गौहरजान यांचे गाणे मुद्रित झाले. मुद्रणे जर्मनीतील हॅनोव्हरला जात आणि तिथे तबकड्या छापल्या जात. गाण्याच्या शेवटी गायिका स्वतःचे नाव इंग्रजीत पुकारीत असे, ते तिथल्या कारागिरांना ओळख पटावी म्हणून. १९०८ मध्ये सियालदहला कारखाना निघाला आणि छपाई भारतात आली.

३/ तबकडी बनत असे लाख, दगडाची भुकटी आणि काजळी यांच्या मिश्रणातून. ती हातून निसटली की तुकडे झालेच. मिनिटाला सुमारे ७८ फेरे आणि एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे, एवढाच तिचा अवकाश. रंगभूमीवर ‘वन्समोअर’ घेत रात्र जागवणारे नाट्यपद या चौकटीत बसवावे लागे. म्हणून तबकडी हा मैफलीचा आरसा नव्हे. काय ठेवावे आणि काय गाळावे, याचा गायकाने केलेला तो निवाडा आहे.

४/ आवाज हरवतो म्हणजे नेमके काय होते? भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांचे उदाहरण घ्यावे. ते बालगंधर्वांचे गुरू आणि ‘संगीत स्वयंवर’ (१९१६) या नाटकाच्या पदांना चाली देणारे गवई. त्यांच्या गायनाची एकही ध्वनिमुद्रिका आज उपलब्ध नाही. त्यांची गायकी शिष्यांच्या तबकड्यांतून आणि ऐकणाऱ्यांच्या आठवणींतून अंदाजानेच जाणावी लागते.

५/ बालगंधर्वांच्या गाण्यांचे पुनर्मुद्रण झाले, त्यामुळे ती टिकली. खरा प्रश्न लहान छापांचा आहे. १९३५ च्या सुमारास मुंबईत ‘नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ उभी राहिली. तिच्या तबकड्यांवर ‘यंग इंडिया’ हे नाव असे. मोठ्या कंपन्यांच्या दारी न पोहोचलेल्या अनेक हौशी, नवख्या कलावंतांना तिने संधी दिली. १९५० च्या दशकात ती बंद पडली. मागे जुने गाणे पुन्हा बाजारात आणणारा वारसच उरला नाही. त्या गायकांपैकी कित्येकांचा आवाज आज एखाद्या शिल्लक प्रतीवरच तगून आहे.

६/ हीच कथा अमेरिकेतही घडली. कृष्णवर्णीयांच्या ज्या संगीताला ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणत, त्याला १९४९ मध्ये ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाने ‘रिदम अँड ब्लूज’ हे नाव दिले. त्यातले बरेचसे लहान कंपन्यांनी छापले आणि त्या लवकरच बुडाल्या. पुढे जुन्या सामानाची दुकाने पालथी घालणाऱ्या संग्राहकांनीच त्यातला मोठा भाग वाचवला.

७/ उलट दिशेचाही एक शोध आहे. ब्रिटनमध्ये ७८ फेऱ्यांच्या तबकड्या १९६० च्या सुमारास थांबल्या. भारतात खेड्यापाड्यांत वीज नव्हती, चावीचे ग्रामोफोन चालू होते, म्हणून त्या पुढेही निघत राहिल्या. त्यामुळे बीटल्सची गाणीही इथे लाखेच्या तबकडीवर छापली गेली. त्या प्रती आज जगभरचे संग्राहक शोधतात.

८/ तबकडी वाचावी कशी? आधी बोधचिन्ह पाहावे. ग्रामोफोन कंपनीचा देवदूत जुना, कर्ण्यापुढचा कुत्रा नंतरचा. एकाच बाजूस ध्वनिरेषा असतील तर ती बहुधा आरंभीच्या वर्षांतली. कागदी चकतीवर गायक, पद, नाटक, कधी रागही छापलेला असतो. चकतीलगतच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला अंक मुद्रणाची ओळख सांगतो. तबकडीवर सहसा तारीख नसते. अशा अंकांची सूचींशी पडताळणी करूनच काळ ठरवावा लागतो.

९/ हे काम विद्यापीठांआधी हौशी माणसांनी केले. १९९० मध्ये मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन झाली. ‘द रेकॉर्ड न्यूज’ या तिच्या नियतकालिकातून सूची आणि लेख प्रसिद्ध होत गेले. ऑस्ट्रेलियाचे मायकेल किनियर यांनी १८९९ ते १९०८ या काळातील भारतीय मुद्रणांची सूची सिद्ध केली. मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने ती १९९४ मध्ये ग्रंथरूपाने काढली.

१०/ या इतिहासाचा एक धागा सावेडीसारख्या उपनगरातूनही जातो. जुन्या नगरातला वाडा सोडून मनमाड रस्त्याकडच्या सदनिकेत बिऱ्हाड हलते, तेव्हा माळ्यावरची पेटी बरोबर येईलच असे नाही. घरात ग्रामोफोन नसतो, जागा मोजकी असते, आणि तबकड्या मोडीत जातात. पितळेला भाव असतो, म्हणून कर्णा वेगळा विकला जातो. तबकड्यांचा गठ्ठा कुठेतरी उन्हात पडून वाकतो.

११/ अशी पेटी समोर आली तर तबकड्या आडव्या न रचता उभ्या ठेवाव्यात. त्यांना स्पिरिट लावू नये, लाख विरघळते. जुनी पोलादी सुई लावून ‘वाजते का’ हे पाहण्याचा मोह टाळावा. सर्वांत आधी दोन्ही बाजूंच्या चकत्यांची छायाचित्रे घ्यावीत, अंक टिपावेत आणि पेटी कोणत्या गावातून आली ते विचारून ठेवावे. तबकडी विकली गेली तरी ही नोंद उरते. कोणत्या गावात काय ऐकले जाई, हे सांगणारा पुरावा पुष्कळदा तेवढाच असतो.